शाळेची मानकं ठरवणारी 'क्षमतांची शिडी' बरोबर आहे का, हे कसं तपासतात?

तिसरीतल्या फक्त ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावता येतात. सहावीतल्या फक्त ५३ टक्के मुलांना १० पर्यंतचे पाढे नीट येतात. जुलै २०२५ मध्ये 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण २०२४'चा देशपातळीवरचा अहवाल आला आणि हे आकडे मोबाइलवर फिरू लागले. सोबत नेहमीचे शेरेही आले. कुणी शिक्षकांना बोल लावला, कुणी पालकांना, कुणी मोबाइललाच.

पण या आकड्यांच्या आधीचा एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तिसरीतल्या मुलाला 'एवढं यायलाच हवं' हे ठरवलं कुणी? आणि जे प्रश्न विचारले, त्यांतून तेच मोजलं गेलं, याची खात्री कशी करतात?

मुलाच्या परीक्षेआधी त्या मानकाची परीक्षा व्हावी लागते. ती कशी घेतात, महाराष्ट्रात तिचा काय अनुभव आहे आणि घरी निकाल आला की त्याकडे कसं पाहायचं, हे समजून घेऊ. उदाहरणासाठी पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातलं, लोणावळ्याशेजारचं खंडाळा डोळ्यासमोर ठेवू.

क्षमता म्हणजे नेमकं काय?

'पाठ क्रमांक ७ शिकवून झाला' ही अभ्यासक्रमाची भाषा झाली. 'मूल दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी करू शकतं आणि ती रोजच्या व्यवहारात वापरू शकतं' ही क्षमतेची भाषा झाली. पहिल्या वाक्यात शिक्षकाने काय केलं ते कळतं, दुसऱ्यात मुलाला काय येतं ते.

अशा अनेक क्षमता एकापुढे एक लावल्या की एक शिडी तयार होते. आधी मोजणं, मग संख्यांची तुलना, मग बेरीज, मग हातच्याची वजाबाकी. अभ्यासक या मांडणीला 'क्षमता-प्रतिमान' म्हणतात. कोणत्या इयत्तेच्या शेवटी मूल कितव्या पायरीवर असावं, हे ठरवलं की ते झालं 'मानक'.

म्हणजे मानकात तीन दावे दडलेले असतात. पहिला, ही क्षमता खरोखर स्वतंत्रपणे मोजता येते. दुसरा, पायऱ्यांचा क्रम बरोबर आहे. तिसरा, या वयाला ही पायरी गाठणं शक्य आणि योग्य आहे. तज्ज्ञांची समिती बसून हे दावे लिहू शकते. ते खरे आहेत की नाहीत, हे मात्र मुलांच्या उत्तरांवरूनच कळतं.

महाराष्ट्रात ही कल्पना कधी आली?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्राने प्रा. आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९९१ मध्ये प्राथमिक शाळेसाठी 'किमान अध्ययन पातळी' ठरवून दिली. भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांत पहिली ते पाचवीपर्यंत मुलाला काय यायला हवं, याची ती इयत्तावार यादी होती. किमान ८० टक्के मुलांनी त्यातल्या ८० टक्के क्षमता मिळवाव्यात, अशी अपेक्षा होती. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात 'क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम' आला, तो याच विचारातून. त्या काळात शिकवलेल्या शिक्षकांना क्षमतांचे क्रमांक आणि तक्ते आजही आठवत असतील.

या यादीवर टीकाही झाली. शिकणं असं तुकड्यातुकड्यांत आणि सरळ रेषेत होत नाही, हा मुख्य आक्षेप होता. गोष्ट ऐकताना मूल एकाच वेळी ऐकतं, अंदाज बांधतं, शब्द शिकतं. त्याची चार खान्यांत वाटणी केली की खाने भरतात, गोष्ट हरवते.

पुढे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि पायाभूत चाचणी घराघरांत माहीत झाली. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत बदल होऊन इयत्तावार 'अध्ययन निष्पत्ती' त्यात आल्या. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२१ चं 'निपुण भारत' अभियान आणि २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांनी हीच वाट पुढे नेली. या आराखड्यात आधी अभ्यासक्रमाची ध्येयं, त्याखाली क्षमता आणि त्याखाली अध्ययन निष्पत्ती अशी उतरंड आहे.

नावं बदलत गेली. मूळ प्रश्न मात्र तोच राहिला: शिडी कागदावर छान दिसते, पण मुलं खरंच तशी चढतात का?

पहिली तपासणी: प्रश्न तेच मोजतो का?

हातच्याची वजाबाकी येते का, हे पाहायचं आहे असं समजा. खंडाळा-लोणावळ्याच्या मुलांना ओळखीचं असं चिक्कीचं दुकान घेऊ. हे तीन प्रश्न पाहा.

१. ५२ − २७ = किती?

२. दुकानात चिक्कीची ५२ पाकिटं होती. त्यातली २७ विकली गेली. किती उरली?

३. दुकानात सकाळी चिक्कीची काही पाकिटं होती. दुपारपर्यंत २७ विकली गेली, तेव्हा २५ उरली. सकाळी किती होती?

तिन्हींत आकडे तेच आहेत. पण पहिल्यात फक्त गणिताची रीत लागते. दुसऱ्यात वाचन आणि रीत दोन्ही लागतं. तिसऱ्यात 'उरली' हा शब्द आहे, तरी करायची आहे बेरीज. 'उरली म्हणजे वजाबाकी' असं पाठ केलेलं मूल इथे हमखास चुकतं.

आता एखाद्या मुलाला पहिला प्रश्न आला आणि दुसरा आला नाही, तर त्याला वजाबाकी येत नाही असं म्हणायचं का? नाही. त्याची अडचण वाचनाची असू शकते. म्हणून चांगल्या चाचणीत एका क्षमतेवर वेगवेगळ्या प्रकारचे अनेक प्रश्न असतात. ते प्रश्न आधी थोड्या मुलांवर आजमावून पाहतात. जमल्यास मुलांशेजारी बसून 'तू हे उत्तर कसं काढलंस?' असंही विचारतात.

चुकीचं उत्तरसुद्धा बोलतं. ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिणारं मूल बेफिकीर नसतं. त्याने एककात ७ मधून २ वजा केले आणि दशकात ५ मधून २. म्हणजे 'मोठ्यातून लहान वजा करायचं' एवढा नियम त्याने पक्का धरला आहे. त्याला वजाबाकी येते, हातचा कळलेला नाही. बहुपर्यायी प्रश्नात ३५ हा पर्याय मुद्दाम ठेवला असेल, तर शिक्षकाला ही चूक पकडता येते. तो पर्याय नसेल, तर हाती फक्त 'चूक' एवढीच खूण राहते.

दुसरी तपासणी: पायऱ्यांचा क्रम बरोबर आहे का?

समजा १०० मुलांना दोन प्रकारचे प्रश्न दिले. 'अ' ही खालची पायरी, 'आ' ही वरची. ७० मुलांना 'अ' आलं, ४५ मुलांना 'आ' आलं. वरवर पाहता क्रम बरोबर वाटतो.

पण पुढे पाहावं लागतं. 'आ' आलेल्या ४५ मुलांपैकी ४२ जणांना 'अ' सुद्धा आलं असेल, तर शिडी खरी आहे. वर पोचलेली जवळजवळ सगळी मुलं खालच्या पायरीवरूनच गेली. उलट, त्या ४५ पैकी २० जणांना 'अ' आलंच नसेल, तर ही शिडी नव्हे. त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. अशा वेळी 'आधी अ पक्कं करा, तोवर आ शिकवू नका' असा आदेश काढला, तर २० मुलांना विनाकारण अडवून ठेवल्यासारखं होईल.

हाच हिशोब हजारो मुलं आणि शेकडो प्रश्नांसाठी करायला संख्याशास्त्राची मदत घेतात. डॅनिश गणिती जॉर्ज राश यांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी आजही वापरली जाते. तिचं सूत्र सोपं आहे: प्रश्नाची काठिण्यपातळी आणि मुलाची क्षमता एकाच पट्टीवर मांडायची. सोपा प्रश्न खाली, अवघड वर. ज्याची तयारी जास्त ते मूल वर. मग समितीने ठरवलेला क्रम आणि मुलांच्या उत्तरांतून निघालेला क्रम जुळतो का, ते पाहायचं. जुळला नाही तर आधी प्रश्न तपासायचे. प्रश्न ठीक असतील तर शिडी बदलायची.

याच नजरेने 'परख'चे आकडे पाहा. तिसरीत संख्या क्रमाने लावणं ५५ टक्के मुलांना जमलं, तर दोन अंकी बेरीज-वजाबाकी ५८ टक्के मुलांना. संख्येची लहान-मोठी ओळख ही बेरजेच्या आधीची पायरी मानली जाते. मग वरची पायरी जास्त मुलांनी कशी गाठली? केवळ तीन टक्क्यांच्या फरकावरून शिडी उलटी आहे असं म्हणता येणार नाही. दोन्हींसाठी विचारलेले प्रश्न वेगळे असतात आणि त्यांची काठिण्यपातळीही वेगळी असू शकते. पण एक शंका नक्की येते: मुलं संख्येचा अर्थ न कळताच उभ्या मांडणीच्या बेरजा रीतीने करतात का? 'फक्त ५५ टक्के' असं ओरडून सांगण्यापेक्षा ही शंका शिक्षकाच्या जास्त उपयोगाची आहे.

'वीस एक' की 'एकवीस': मानकाची भाषा

क्षमता नेमकी कोणती, यावर महाराष्ट्रात जून २०१९ मध्ये मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' यांच्यासोबत 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली. वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत चर्चा झाली, समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला.

गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. मराठीत 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी येतो. त्यात जोडाक्षरांची भर पडते. दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी बोलतात, तसं बोललं तर लहान मुलांना संख्या समजायला सोपी जाते. विरोधकांचं म्हणणंही बिनबुडाचं नव्हतं. बाजारात, घरात, घड्याळात 'एकवीस'च म्हणतात, मग मुलाने ते केव्हा शिकायचं?

मानकांच्या दृष्टीने पाहिलं तर यात दोन वेगळ्या क्षमता एकमेकींत मिसळल्या होत्या. 'दोन दशक आणि एक एकक म्हणजे २१' हे कळणं ही गणिताची क्षमता. 'एकोणसाठ' ऐकून ५९ लिहिणं ही बऱ्याच अंशी भाषेची क्षमता. 'एकोणसाठ'मध्ये ना पाच ऐकू येतो, ना नऊ. साठाला एक कमी हे ज्याला उमगलं, त्यालाच ते लिहिता येतं. तोंडी संख्या सांगून लिहायला लावणाऱ्या चाचणीत मूल चुकलं, तर ते नेमकं कुठे अडलं, हे एका प्रश्नातून कळत नाही. मणी आणि दशकाच्या माळा हातात देऊन तेच विचारलं, तर कळू शकतं.

मिनिटाला ६० शब्द, पण कोणत्या भाषेतले?

'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असं लक्ष्य दिलं होतं. ऐकायला ते सरळ वाटतं. पण शब्द सगळ्या भाषांत सारखे नसतात.

मराठीत 'घरासमोरच्या' हा एक शब्द आहे. हेच इंग्रजीत सांगायला चार-पाच सुटे शब्द लागतात. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येतात. मल्याळम किंवा तमिळमध्ये शब्द आणखी लांब होतात. म्हणजे एकाच वेगाने वाचणारी दोन मुलं, भाषा वेगळी असल्यामुळे, एक पास आणि एक नापास ठरू शकतात.

म्हणूनच एनसीईआरटीने मार्च २०२२ मध्ये 'पायाभूत अध्ययन अभ्यास' केला. सुमारे १०,००० शाळांतल्या तिसरीच्या जवळपास ८६,००० मुलांजवळ एकेक करून बसून त्यांचं वाचन आणि गणित तपासलं. मराठीसह २० भाषांत हे झालं. त्यातून प्रत्येक भाषेसाठी वाचनवेगाची वेगळी रेषा आखली गेली. एकच आकडा सगळ्यांवर लादण्याऐवजी मुलांच्या प्रत्यक्ष वाचनावरून तो पारखून घ्यायचा, हे मानक तपासण्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण आहे.

तिसरी तपासणी: पास-नापासची रेषा कुठे आखायची?

शिडी खरी ठरली तरी 'इथपर्यंत आलं म्हणजे पुरेसं' ही रेषा आपोआप दिसत नाही. ती माणसंच आखतात. त्यासाठीची एक रूढ पद्धत अशी: अनुभवी शिक्षकांना एकत्र बसवायचं. त्यांनी 'जेमतेम काठावर असलेलं मूल' डोळ्यासमोर आणायचं. मग प्रत्येक प्रश्नाबाबत अंदाज सांगायचा, अशा दहा मुलांपैकी किती जण हे बरोबर सोडवतील?

समजा २० प्रश्न आहेत आणि सगळ्या शिक्षकांचे अंदाज मिळून बेरीज ११ आली. मग ११ गुण ही रेषा. शिक्षकांच्या अंदाजांत फार तफावत असेल, तर त्यांच्यात चर्चा घडवून आणतात, मुलांची खरी उत्तरं दाखवतात आणि पुन्हा अंदाज घेतात. तरी एक गोष्ट विसरायची नसते. तेच मूल उद्या तशीच दुसरी चाचणी देईल, तेव्हा त्याला १० किंवा १२ गुणही पडतील. रेषेच्या अगदी जवळच्या मुलावर 'अप्रगत' असा शिक्का मारताना हा एक-दोन गुणांचा खेळ लक्षात ठेवावा लागतो.

महाराष्ट्रात याला आता वेगळं वजन आलं आहे. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणं गरजेचं झालं. त्यात अपयश आलं तर पुरवणी मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा. तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. म्हणजे रेषा चुकीच्या जागी असेल, तर तिची किंमत मुलाचं एक वर्ष असू शकते.

चौथी तपासणी: प्रश्न सगळ्यांना सारखा आहे का?

'पुण्याहून सुटलेली लोकल लोणावळ्याला किती वाजता पोचेल?' हा प्रश्न खंडाळ्याच्या मुलाला घरचा वाटेल. गडचिरोलीच्या मुलाला आधी 'लोकल' म्हणजे काय हे समजून घ्यावं लागेल. उलट, तेंदूपत्त्याच्या पुड्यांवरचा प्रश्न तिकडे सहज कळेल, इकडे नाही. गणिताची तयारी सारखी असूनही एका गटाला प्रश्न सोपा आणि दुसऱ्याला अवघड जात असेल, तर तो प्रश्न चाचणीतून काढायचा असतो.

मावळातच पाहा. इथे ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत, तिथल्या घरातली बोली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी आहे. बंगले, हॉटेलं आणि बांधकामांवर कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची मुलंही शाळेत असतात. एकाच बाकावर तीन घरांच्या तीन भाषा असू शकतात. पुस्तकी शब्दांत अडकलेलं मूल गणितात कच्चं ठरलं, तर चूक मुलाची नसून मोजमापाची आहे.

बाहेरच्या जगात काय झालं?

'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीचा पहिला निकाल डिसेंबर २००१ मध्ये आला आणि जर्मनीला धक्का बसला. आपली मुलं पुढे आहेत हा समज चुकीचा निघाला. मग तिथे देशभरासाठी शैक्षणिक मानकं आखली गेली. एकहार्ड क्लीमे यांच्या गटाने २००३ मध्ये बजावून सांगितलं, की मानकं क्षमता-प्रतिमानांवर उभी असावीत आणि ती प्रतिमानं प्रत्यक्ष चाचण्यांवर तपासली जावीत. २००४ मध्ये बर्लिनमध्ये त्यासाठी खास संस्था स्थापन झाली. २००७ पासून अनेक वर्षं तिथल्या विद्यापीठांनी फक्त ही प्रतिमानं तपासण्याचा संशोधन कार्यक्रम चालवला.

दुसरं उदाहरण परदेशी भाषा शिकणाऱ्यांना माहीत असेल. जर्मन किंवा फ्रेंचच्या क्लासला 'ए१, ए२, बी१' अशा पातळ्या असतात. युरोपीय परिषदेची ही चौकट २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातली 'मला दुकानात गरजेच्या वस्तू मागता येतात' अशा धाटणीची वाक्यं नव्वदच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये शिक्षकांकडून तपासून घेतली होती. शिक्षक आपापल्या विद्यार्थ्यांना त्या वाक्यांवर जोखत. ज्या वाक्याचा अर्थ प्रत्येक शिक्षक वेगळा लावी, ते वाक्य गाळलं जाई. पातळ्या टिकल्या, त्यामागे हेही कारण आहे.

परख, असर आणि पॅट: तिघांत फरक काय?

*परख राष्ट्रीय सर्वेक्षण:* एनसीईआरटीमधली 'परख' ही संस्था ते घेते. ४ डिसेंबर २०२४ रोजी ७८१ जिल्ह्यांतल्या ७४,२२९ शाळांमधल्या तिसरी, सहावी आणि नववीच्या सुमारे २१ लाख मुलांनी ही चाचणी दिली. हे नमुना सर्वेक्षण आहे. राज्य आणि जिल्ह्याचं चित्र दाखवणं हा त्याचा हेतू आहे.

*असर:* 'प्रथम' संस्थेचं हे सर्वेक्षण २००५ मध्ये सुरू झालं. ते शाळेत नाही, ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होतं. अक्षर, शब्द, परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा मोजक्या पायऱ्यांवर मूल कुठे आहे, ते पाहतात. ही शिडी लहान आहे, म्हणून पालकालाही लगेच कळते. पण ती फक्त पायाभूत वाचन आणि गणितच सांगते.

*पॅट:* म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद २०२३-२४ पासून ती घेत आहे. वर्षात एक पायाभूत चाचणी आणि दोन संकलित चाचण्या. ही नमुन्यावर नाही, वर्गातल्या प्रत्येक मुलाची होते. पेपर शाळेतले शिक्षकच तपासतात. कोणतं मूल कुठे अडलं हे शिक्षकाला कळावं, हा तिचा मुख्य उपयोग.

या तीन चाचण्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून 'कोण खोटं बोलतंय' असं विचारणं चूक आहे. तिघांच्या पट्ट्या वेगळ्या आणि कामंही वेगळी.

जिल्ह्याच्या आकड्यातून खंडाळ्याच्या शाळेला काय कळतं?

थोडक्यात उत्तर: फारसं काही नाही. 'परख'च्या शाळांची संख्या जिल्ह्यांत वाटली तर सरासरी ९५ शाळा येतात, त्याही तीन इयत्ता मिळून. पुणे जिल्ह्यात शहरातल्या मोठ्या इंग्रजी शाळा येतात, बारामती-इंदापूरच्या गावशाळा येतात आणि मावळातल्या पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या वाड्यांच्या शाळाही येतात. या सगळ्यांची सरासरी म्हणजे यांपैकी कुणाचंच नेमकं चित्र नाही.

म्हणून जिल्ह्याचा निकाल चांगला आला तर खंडाळ्यातल्या शिक्षकाने निर्धास्त होऊ नये, वाईट आला तर शिक्षा झाल्यासारखं वाटून घेऊ नये. त्याच्या कामाची माहिती त्याच्याच वर्गातल्या वह्यांत आहे: कितीजण ३५ लिहितात, कितीजण 'उरली' शब्दावर फसतात.

मोजमापाला बक्षीस जोडलं की काय होतं?

एखाद्या चाचणीच्या निकालावर शाळेचं नाव, शिक्षकाची बदली किंवा गौरव अवलंबून राहिला, की आकडे फुगायला लागतात. मध्य प्रदेशात सरकारी शाळांच्या अशाच चाचण्यांनंतर अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंग यांनी तेच प्रश्न स्वतंत्रपणे पुन्हा विचारून पाहिले. शाळांनी नोंदवलेले गुण प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त निघाले.

यात शिक्षकांना दोष देऊन भागत नाही. 'शंभर टक्के प्रगत' हाच आकडा वरून हवा असेल, तर खालून तोच येतो. पण त्यात नुकसान त्या मुलाचं होतं. कागदावर त्याला सगळं येतं, म्हणून त्याला जादा तास मिळत नाही. शिवाय अशा आकड्यांवरून शिडी तपासता येत नाही, कारण सगळीच मुलं सगळ्यात वरच्या पायरीवर दिसतात.

निकाल हाती आला की काय विचाराल?

पालक म्हणून, किंवा असा आकडा पुढे पाठवण्याआधी, हे पाच प्रश्न उपयोगी पडतात.

• ही चाचणी प्रत्येक मुलाची होती की निवडक मुलांची? निवडक असेल तर ती तुमच्या शाळेबद्दल काही सांगत नाही.

• एका क्षमतेवर किती प्रश्न होते? एकाच प्रश्नावरून 'येत नाही' म्हणता येत नाही.

• मूल चुकलं ते नेमकं कुठे? रीत, अर्थ, वाचन की भाषा? शाळेत उत्तरपत्रिका पाहायला मागा.

• मूल रेषेपासून किती दूर आहे? एक-दोन गुणांनी कमी असेल तर घाबरू नका, खूप कमी असेल तर वाट पाहू नका.

• पुढे काय होणार? ज्या निकालानंतर शिकवण्यात काहीच बदलत नाही, ती चाचणी मुलासाठी नव्हती.

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. तो पुढच्या इयत्तांमध्ये जाईल, तशा क्षमतांच्या नव्या याद्या येतील. त्या कशा लिहिल्या आहेत यावर चर्चा होईलच. पण कोणत्या मुलांवर त्या आजमावल्या, घरी ठाकरी किंवा कातकरी बोलणारी मुलं त्यात होती का आणि मुलांच्या उत्तरांनंतर यादीत काय बदललं, हेही विचारलं गेलं पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर ती यादी अजून तपासलेली नाही, असंच समजायला हवं.